कागद द्यावा, किल्ली नव्हे
वैद्यकीय अहवाल मोबाइलवरून पाठवताना ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी जपायच्या गोष्टी

माझी आत्या लोणारला राहते. वय ७४. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. यजमान गेल्यापासून घरात एकटीच असते. पण हिंडती-फिरती आहे आणि स्वतःची औषधे स्वतः वेळेवर घेणारी आहे. गेल्या वर्षी तिच्या स्तनात एक गाठ हाताला लागली. मेहकरला जाऊन तिने सोनोग्राफी करून घेतली. मुलगा पुण्यात. त्याने आधीच सांगून ठेवले होते, "आई, रिपोर्टचा फोटो काढून मला पाठव. मी इथल्या डॉक्टरांना दाखवतो."

आत्याने बसस्थानकाच्या बाकावर बसूनच फोटो काढला. 'शेअर'चे चिन्ह दाबले. पडद्यावर गोल चित्रांची एक रांग उभी राहिली आणि त्यांतील पहिले चित्र तिने दाबले. ते चित्र मुलाचे नव्हते. सकाळपासून ज्या गटात सर्वांत जास्त संदेश आले होते, त्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटाचे होते. गटात साठाहून अधिक माणसे होती.

एसटी लोणारला पोहोचेपर्यंत सात फोन येऊन गेले होते. कोणी धीर देत होते, कोणी ओळखीच्या वैदूचे नाव सांगत होते, कोणी नुसतेच रडत होते. पुढे मी तिला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "गाठीची एवढी भीती नव्हती वाटली गं, पण त्या फोनांची वाटली. जो तो विचारे, अन् दरवेळी मला वाटे, आपण आताच आजारी पडलो."

डॉक्टरांनी सुईने तपासणी करण्यास सांगितले होते. आत्याने ती दोन महिने टाळली. कारण विचारले तर म्हणे, "रिपोर्ट आला की पुन्हा गावभर." अखेर मुलगा स्वतः येऊन तिला घेऊन गेला. गाठ साधी निघाली. पण ती साधी आहे हे कळण्यास दोन महिने उशीर झाला. आणि ती साधी नसती तर त्या दोन महिन्यांचे मोल काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

आत्याच्या फोनमध्ये कोणी चोर शिरला नव्हता. कोणाचा हेतूही वाईट नव्हता. एक कागद एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये जाताना चुकीच्या दारात पडला, एवढेच. आज घरोघरी रक्ततपासणीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, आधार, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि विम्याचे दावे ह्याच वाटेने ये-जा करतात. ही वाट कशी चालते हे एकदा समजून घेतले, तर तिची भीती उरत नाही.

वाड्यातील खोल्या आणि ओसरी

एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करावी. वाड्यात अनेक बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाची खोली कुलूपबंद आहे. मोबाइलमधील प्रत्येक ॲप हे असे एक बिऱ्हाड होय. अँड्रॉइड आणि आयफोन ह्या दोन्ही प्रणालींची रचनाच अशी आहे, की एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येऊ नये. बँकेच्या ॲपमधील आपला हिशेब भजनांच्या ॲपला वाचता येत नाही, तो ह्याच भिंतींमुळे.

मात्र वाड्याला एक सामायिक ओसरीही असते. फोटोंची गॅलरी ही ती ओसरी. कॅमेऱ्याने काढलेला नातवाचा फोटो तिथे असतो आणि सोनोग्राफीच्या अहवालाचा फोटोही तिथेच असतो. गॅलरी पाहण्याची पूर्ण परवानगी आपण ज्या ज्या ॲपला दिली असेल, त्या प्रत्येकाला हे दोन्ही फोटो दिसू शकतात.

ह्या वाड्यात एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात कागद पोहोचवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे हवा तो एकच कागद दारातून हाती देणे. आपण 'शेअर' दाबतो किंवा संदेशाच्या चौकटीतील कागदाच्या टाचणीचे चिन्ह दाबून एखादी फाइल निवडतो, तेव्हा नीट बनवलेल्या ॲपमध्ये हेच घडते. फोनची प्रणाली घेणाऱ्या ॲपला तेवढ्या एका फाइलपुरती वाचण्याची मुभा देते. बाकीच्या फाइलींना हात लागत नाही.

दुसरी रीत म्हणजे ओसरीची किल्लीच देऊन टाकणे. नवे ॲप उघडताच "फोटो व व्हिडिओ पाहण्याची परवानगी द्यावी काय?" असा प्रश्न येतो आणि आपण घाईने "द्या" म्हणतो. त्या क्षणापासून ते ॲप आपण न दिलेले फोटोही पाहू शकते. काम एका कागदाचे असते आणि आपण साऱ्या कागदांची किल्ली देऊन बसतो.

सुदैवाने आता मधला मार्ग उपलब्ध आहे. आयफोनवर २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर २०२३ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून "फक्त निवडलेले फोटो" असा पर्याय मिळतो. तो दिसला की डोळे मिटून तोच निवडावा.

पाणी येते, जात नाही

लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याची एक खूण ठाऊक असेल. उल्कापाताने बसाल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या ह्या विवरात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते. बाहेर पडण्यास मात्र त्याला वाट नाही. जे आत आले ते साठत राहते. पाणी उन्हाने आटते, पण क्षार मागे राहतात.

आपला फोनही असाच आहे. आत्याने काढलेल्या त्या एका फोटोच्या किती प्रती झाल्या, हे आम्ही दोघींनी बसून मोजले. पहिली तिच्या गॅलरीत. गुगल फोटोजची आपोआप साठवण सुरू असल्याने दुसरी गुगलच्या साठ्यात. तिसरी व्हॉट्सॲपच्या पाठवलेल्या फाइलींत. शिवाय गटातील ज्यांच्या फोनवर फोटो आपोआप उतरतात, त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक, आणि त्यांच्याही आपोआप साठवणीत आणखी एक. आत्याने घाबरून गॅलरीतील फोटो पुसला होता. त्याने यांतील एकच प्रत गेली. आणि तीही लगेच नव्हे. बहुतेक फोनांत पुसलेले चित्र आधी कचरापेटीत जाते आणि साधारण ३० ते ६० दिवस तिथेच राहते.

व्हॉट्सॲपवरील संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणजे वाटेत कोणाला ते वाचता येत नाहीत. ही मोठीच सोय आहे. पण कुलूप वाटेला आहे, घराला नाही. चुकीच्या घरी पोहोचलेला कागद त्या कुलपाने परत येत नाही.

चूक लक्षात येताच "सर्वांसाठी हटवा" हा पर्याय वापरावा. संदेश पाठवल्यानंतर दोन दिवसांहून थोडा अधिक काळ तो उपलब्ध असतो. मात्र तोवर कोणी फोटो उतरवून घेतला असेल, तर त्याची प्रत तिथे राहू शकते. म्हणून जितक्या लवकर तितके बरे. आत्याला हा पर्याय ठाऊक असता, तर बसस्थानकावरच निम्मे संकट टळले असते.

गुपित हेही उपचाराचे अंग

"आपल्या माणसांपासून लपवायचे काय?" असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ते प्रेमापोटी असते. पण त्यात रुग्णाच्या मनाचा विचार राहून जातो. आपला आजार कोणाला, केव्हा आणि किती सांगायचा, हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. तो हिरावला गेला की रुग्ण कागद लपवू लागतो, आणि पुढे तर तपासणीच टाळू लागतो. आत्याच्या बाबतीत नेमके हेच झाले.

वैद्यकशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती गुप्त राखण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. त्याच नियमांत, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत देण्याचेही सांगितले आहे. म्हणजे कागद मिळण्याचा हक्क आणि तो इतरांपासून राखण्याचा हक्क असे दोन्ही हक्क रुग्णाचे आहेत.

खासगीपणाच्या हक्काची आपल्या देशातील सर्वांत मोठी लढाई एका ज्येष्ठ नागरिकानेच लढली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेसंबंधी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्येष्ठांच्या दृष्टीने त्यात एक विशेष तरतूद आहे. आपण असमर्थ झालो किंवा आपला मृत्यू झाला, तर आपल्या माहितीसंबंधीचे हक्क कोणी बजावायचे, त्या व्यक्तीचे नामनिर्देशन करता येते. बँकेच्या खात्याला जसा वारस, तसा माहितीलाही.

त्या संध्याकाळी आम्ही काय केले

आत्याकडे मी दोन दिवस होते. एका संध्याकाळी चहा झाल्यावर आम्ही तिचा फोन पुढ्यात घेऊन बसलो. जे केले ते क्रमाने सांगते. फोनच्या कंपनीनुसार शब्द थोडे निराळे दिसतील. मुद्दा तोच आहे.

*आधी माणूस, मग कागद.* फोटो उघडून 'शेअर' दाबले, की समोर येणारी नावांची रांग फोन आपल्या अंदाजाने लावतो आणि ती रोज बदलते. चुका तिथेच होतात. त्याऐवजी आधी ज्याला पाठवायचे त्याची संवादचौकट उघडावी, वरचे नाव वाचावे, आणि मग तिथूनच टाचणीच्या चिन्हाने फाइल जोडावी. आत्याच्या मुलाचे नाव आम्ही व्हॉट्सॲपच्या यादीत सर्वांत वर कायमचे बसवून ठेवले. ह्या एका सवयीने बहुतेक चुका टळतात.

*शक्य तेथे फोटोऐवजी पीडीएफ.* बहुतेक प्रयोगशाळा अहवालाची पीडीएफ फाइल देतात. ती आवर्जून मागावी. अहवाल कागदावरच असेल, तर अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनवर नोट्समध्ये कागद स्कॅन करण्याची सोय आहे. पानांचा क्रम बिघडत नाही, अक्षर स्वच्छ येते आणि अहवाल गॅलरीच्या ओसरीवर पडून राहत नाही. फाइलीचे नाव ठेवताना आजाराचा उल्लेख टाळून तपासणी आणि तारीख एवढेच लिहावे.

*आपोआप साठवण थांबवणे.* व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, चॅटच्या विभागात, आलेले फोटो गॅलरीत दिसावेत की नाही हे ठरवता येते. ते बंद केले. आता मुलाने पाठवलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या गॅलरीत येत नाहीत, आणि नातवंडे आजीच्या फोनवर फोटो पाहू लागली तरी त्यांच्या हाती लागत नाहीत.

*किल्ल्या परत घेणे.* सेटिंगमधील परवानग्यांच्या यादीत 'फोटो व व्हिडिओ' उघडून पाहिले. एका विजेरीच्या ॲपला आणि एका पंचांगाच्या ॲपला सगळे फोटो पाहण्याची परवानगी होती. विजेरीला आपल्या फोटोंशी काय कर्तव्य? दोन्ही परवानग्या काढून घेतल्या. विजेरी पूर्वीसारखीच लागते.

*कुलूप.* फोनला बोटाच्या ठशाचे कुलूप होतेच. मुलाशी होणाऱ्या संवादालाही व्हॉट्सॲपचे स्वतंत्र कुलूप लावले. महत्त्वाच्या पीडीएफला पासवर्ड असेल, तर तो त्याच संदेशात कधीही लिहू नये. फोन करून तोंडी सांगावा. आधारच्या फाइलीचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष यांचा असतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. तेव्हा त्या पासवर्डवर विसंबून ती फाइल कोणालाही पाठवणे योग्य नव्हे.

*काय केले नाही, तेही सांगते.* "एकदाच पाहता येईल" असा फोटो पाठवण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. ठरावीक दिवसांनी संदेश आपोआप नाहीसे होण्याचीही आहे. वैद्यकीय अहवालांसाठी ह्या दोन्ही आम्ही वापरल्या नाहीत. डॉक्टरांना अहवाल पुन्हा पाहावा लागतो, मागील अहवालाशी ताडून पाहावा लागतो. नाहीसा झालेला अहवाल हाही रुग्णाला अपायच करतो. मूळ कागदांची जाड फाइल आत्याच्या कपाटात पूर्वीसारखीच आहे आणि ती तशीच राहावी.

झेरॉक्सच्या दुकानात

लहान गावांत कागद बाहेर जाण्याचे आणखी एक ठिकाण आहे. झेरॉक्सच्या किंवा ऑनलाइन कामांच्या दुकानात गेलो, की "ह्या नंबरवर व्हॉट्सॲप करा, प्रिंट काढून देतो" असे सांगितले जाते. आपण आधार, बँकेचे पासबुक, अहवाल असे सारे पाठवून मोकळे होतो. दुकानदार प्रामाणिकच असतो. पण त्याच्या संगणकावर दिवसभरात शेकडो लोकांचे कागद उतरतात, आणि त्या संगणकापुढे कोण कोण बसते हे त्यालाही नेहमी ठाऊक नसते.

अशा वेळी तीन गोष्टी कराव्यात. प्रिंट हाती येताच तिथेच उभे राहून आपला संदेश "सर्वांसाठी हटवा" करावा. दुकानदाराला संगणकावर उतरलेली फाइलही पुसण्याची विनंती करावी. बहुतेक जण हसतमुखाने पुसतात. आणि जिथे आधारचा पूर्ण क्रमांक आवश्यक नाही, तिथे 'मास्क्ड आधार' द्यावे. त्यात क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक दिसतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळते.

२०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या एका प्रादेशिक कार्यालयाने आधारच्या छायाप्रती सरसकट कोणालाही देऊ नयेत, असे पत्रक काढले होते. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल, म्हणून दोन दिवसांतच ते मागे घेण्यात आले आणि नेहमीची सावधगिरी बाळगावी एवढेच सांगण्यात आले. ह्यातील बोध समतोल आहे. कागद देण्याची धास्ती घेऊ नये, आणि विचार न करता देऊही नये.

सरकारी सोयींचा उपयोग

काही सरकारी सोयी मुळातच 'कागद द्यावा, किल्ली नव्हे' ह्या तत्त्वावर उभ्या आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये शासकीय यंत्रणांनी दिलेली कागदपत्रे थेट त्यांच्याकडूनच येतात आणि ती मूळ कागदपत्रांइतकीच ग्राह्य मानली जातात. फोटो काढणे, गॅलरीत ठेवणे, पाठवत राहणे ही साखळीच त्यामुळे तुटते.

आरोग्याच्या नोंदींसाठी २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली 'आभा' हा १४ अंकी क्रमांक मिळतो. तो ऐच्छिक आहे. त्याच्या ॲपमध्ये एखाद्या रुग्णालयाने आपल्या जुन्या नोंदी मागितल्या, तर आपल्यापुढे संमतीचा प्रश्न येतो. कोणत्या प्रकारच्या नोंदी द्यायच्या, कोणत्या काळातील द्यायच्या आणि त्या किती दिवस पाहू द्यायच्या, हे आपण ठरवतो. दिलेली संमती पुढे मागेही घेता येते. सर्व रुग्णालये आणि प्रयोगशाळा ह्या जाळ्यात आलेल्या नाहीत; तरी ज्या आल्या आहेत तिथे ह्या सोयीचा लाभ घ्यावा. लोणारसारख्या गावातून मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडे जाणाऱ्या रुग्णाला दरवेळी कागदांचा गठ्ठा वाहावा लागतो. त्याचा भार तेवढाच हलका होईल.

ह्या सर्व सोयींची किल्ली म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी. तो कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगू नये.

वाहणाऱ्या ॲपची पारख

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि त्याचे फोटो देशभर फिरले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्या यादीत शेअरइट आणि झेंडर ही फाइली पाठवणारी आणि कॅमस्कॅनर हे कागद स्कॅन करणारे ॲप होते. घरोघरी वापरात असलेली ही ॲप देशाच्या सुरक्षेच्या आणि माहितीच्या संरक्षणाच्या कारणास्तव बंद झाली.

आजही कोणाच्या जुन्या फोनमध्ये ती शिल्लक असतील, तर काढून टाकावीत. जवळ बसलेल्या माणसाला फाइल देण्यासाठी वेगळ्या ॲपची गरजच नाही. अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आणि आयफोनमध्ये एअरड्रॉप ही सोय फोनबरोबरच येते. ती "सर्वांकडून" न ठेवता "फक्त ओळखीच्या क्रमांकांकडून" अशी ठेवावी.

येणारा प्रत्येक कागद कागद नसतो

आतापर्यंत आपण पाठवण्याचा विचार केला. आलेल्या फाइलीकडेही तितक्याच सावधपणे पाहायला हवे. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, शेतकरी योजनेची यादी अशा नावांनी अलीकडे फाइली येतात. त्यांच्या नावाच्या शेवटी 'पीडीएफ' ऐवजी 'एपीके' असते. एपीके म्हणजे कागद नव्हे. ते नवे ॲप असते. ते उघडले आणि "अनोळखी ठिकाणचे ॲप बसवावे काय?" ह्या प्रश्नाला होकार दिला, की चोराला वाड्यातच बिऱ्हाड दिल्यासारखे होते. पत्रिका ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून आली तरी भुलू नये. त्याचाच फोन आधी बळी पडलेला असू शकतो.

तसेच "मी मदत करतो, तुमचा पडदा मला दाखवा" असे सांगून एखादे ॲप बसवण्यास लावणाऱ्या अनोळखी माणसाचा फोन तात्काळ ठेवावा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता अधिक. ज्येष्ठांना अन्य कोणत्याही अडचणीत मार्गदर्शन हवे असल्यास १४५६७ ही एल्डर लाइन आहे.

काळजी घेणाऱ्यांसाठी चार शब्द

आई-वडिलांचा फोन हाती घेऊन "थांब, मी करते" म्हणणे सोपे असते. पण तो फोन त्यांचा आहे. त्यांच्या समोर बसून, त्यांच्याच बोटाने करवून घ्यावे. एका दिवसात एकच गोष्ट शिकवावी, आणि ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या जागी ठेवावी. चूक झाली तर रागावू नये. रागावले की पुढची चूक आपल्याला सांगितली जात नाही, आणि खरा धोका तिथेच असतो.

त्यांचा अहवाल भावंडांना किंवा गटात पाठवण्यापूर्वी त्यांना विचारावे. दूर राहणारी मुले अनेकदा काळजीपोटी अहवाल ओळखीच्या चार डॉक्टरांना पाठवतात. तेही सांगून करावे. जिथे स्मृतिभ्रंशासारखा आजार आहे, तिथे निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात. अशा घरांत, रुग्णाला समज आहे तोवरच कोणती माहिती कोणाला द्यायची, कोणी फोन सांभाळायचा आणि पासवर्ड कुठे लिहून ठेवायचे, हे बोलून घ्यावे. हे बोलणे अवघड असते. पण मृत्युपत्राइतकेच आवश्यक असते.

मागच्या महिन्यात आत्याची वार्षिक तपासणी होती. ह्या वेळी ती कोणी आठवण न करता स्वतःहून गेली. अहवालाची पीडीएफ तिने मागून घेतली, मुलाच्या नावावर जाऊन ती जोडली, आणि संध्याकाळी मला फोन केला. "सगळं ठीक आहे म्हणतात डॉक्टर. ह्याला पाठवलं, अन् तुला सांगितलं. बाकी कुणाला सांगायचं ते मी बघते."

अहवालापेक्षा तिच्या ह्या शेवटच्या वाक्याने मला अधिक बरे वाटले.